अमेरिका म्हणते 'भारतात जाताना सांभाळून', तेव्हा पर्यटनाचं नेमकं काय होतं?

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने भारताबद्दलची सूचना नव्याने काढली आणि पुढचे काही दिवस सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच चालू होतं. भारतात एकट्याने फिरू नका, विशेषतः बाई असाल तर. बलात्काराचे गुन्हे वेगाने वाढतायत. सॅटेलाइट फोन सोबत आणू नका, पकडले जाल. यावर निम्मे लोक भडकले, की तुमच्याकडे शाळेत गोळीबार होतात ते आधी बघा, आणि निम्मे म्हणाले की यात खोटं काय आहे, आम्हीच मुलीला रात्री नऊनंतर रिक्षात बसली की लोकेशन पाठवायला सांगतो. दोन्ही बाजूंनी भरपूर बोलून झालं, पण अशी सूचना निघाल्यावर नेमकं काय होतं, कोणाचं बुकिंग रद्द होतं, कोणाचा धंदा बुडतो आणि कोणाला काहीच फरक पडत नाही, हे कोणी सांगेना. म्हणून हा लेख.

आधी ही सूचना म्हणजे काय ते बघू

याला ट्रॅव्हल ॲडव्हायझरी म्हणतात. एखादं सरकार स्वतःच्या नागरिकांना सांगतं की अमुक देशात जाताना किती जपायचं. दुसऱ्या देशाला दिलेलं हे प्रगतिपुस्तक नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा, कारण सगळी चिडचिड तिथूनच सुरू होते.

अमेरिकेने जानेवारी २०१८ पासून याच्या चार लेव्हल केल्यात. एक म्हणजे नेहमीची काळजी घ्या, दोन म्हणजे जरा जास्त काळजी घ्या, तीन म्हणजे जायचं का ते परत विचार करा, आणि चार म्हणजे जाऊच नका. सोबत कारणाचं इंग्रजी अक्षर असतं, क्राइमचं सी, टेररिझमचं टी, किडनॅपिंगचं के वगैरे. लेव्हल एक-दोनची सूचना साधारण वर्षातून एकदा तपासतात, तीन-चारची सहा महिन्यांनी, आणि मधे काही मोठं घडलं तर लगेच.

आपल्याला हे समजायला हवामान खात्याचा अलर्ट चांगला, तिथेही हिरवा, पिवळा, ऑरेंज, रेड असे चारच रंग आहेत. मुंबईला ऑरेंज अलर्ट असतो तेव्हा हिंदमाताला गुडघाभर पाणी असतं आणि बोरिवलीत लोक रेनकोट काढून बॅगेत भरत असतात. रंग अख्ख्या जिल्ह्याला लागतो, पाऊस ठरावीक ठिकाणी पडतो. प्रवासाच्या सूचनेचंही तसंच, फरक एवढाच की हवामानाचा अलर्ट दुसऱ्या दिवशी बदलतो आणि ही सूचना वर्षभर चिकटून बसते.

सरकारं या फंदात पडतातच कशाला?

यामागे एक भयंकर घटना आहे. डिसेंबर १९८८ च्या सुरुवातीला हेलसिंकीच्या अमेरिकन वकिलातीत एक निनावी फोन आला, की फ्रँकफर्टहून अमेरिकेला जाणाऱ्या पॅन ॲमच्या विमानात बॉम्ब ठेवला जाणार आहे. ही माहिती मॉस्कोच्या वकिलातीतल्या कर्मचाऱ्यांसाठी नोटीस बोर्डावर लावली गेली, पण सामान्य प्रवाशांना कोणी काही सांगितलं नाही. २१ डिसेंबरला पॅन ॲमचं विमान स्कॉटलंडमधल्या लॉकरबी गावावर फुटलं आणि २७० माणसं गेली. नंतरच्या चौकशीत तो फोन खोडसाळपणा होता आणि त्याचा बॉम्बशी संबंध नव्हता असं निघालं, पण सरकारी माणसाला सांगता आणि आमच्या पोरांना नाही, हा नातेवाइकांचा संताप राहिलाच. त्यातून १९९० मध्ये कायदा झाला आणि पुढे नियमच बसला की सरकारने आपल्या स्टाफला जो धोका सांगितला तो जनतेलाही सांगायचा.

हे कळलं की सूचनांची भाषा अशी जास्तच सावध का असते ते लक्षात येतं. न सांगता काही झालं तर अधिकाऱ्याची मान अडकते, उगाच जास्त सांगितलं तर त्याचं काही बिघडत नाही. त्यामुळे लेव्हल वर चढते पटकन आणि उतरते सावकाश.

भारताची सूचना जरा जवळून वाचू

कोविडचा काळ सोडला तर भारत २०१८ पासून लेव्हल दोनवरच आहे, कारण गुन्हे आणि दहशतवाद. त्याच लेव्हल दोनवर फ्रान्स, जर्मनी, इटली, स्पेन आणि ब्रिटनही दिसतात, त्यांच्याकडे मुख्य कारण दहशतवाद. बलात्काराबद्दलचं ते वाक्यही थोड्याफार फरकाने कितीतरी वर्षं त्या सूचनेत आहे. बातमी दर वेळी नवी वाटते, कारण तारीख नवी असते.

पण खाली वाचत गेलं की वेगवेगळ्या भागांचं वेगवेगळं दिलेलं असतं. मणिपूरला जाऊ नका, जम्मू-काश्मीरला लडाखचा काही भाग सोडून जाऊ नका, पाकिस्तान सीमेच्या दहा किलोमीटरच्या आत जाऊ नका. आणि मग आपल्या घरचं एक वाक्य येतं, की अमेरिकन सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्राच्या पूर्व भागात जायला आधी परवानगी लागते, कारण नक्षलवादी.

आता गडचिरोली कुठे, तिथली परिस्थिती काय होती आणि काय आहे, हे आपल्याला माहीत आहे. अमेरिकेत बसलेल्या एखाद्या शिक्षकाला ते कसं कळणार? तो मॅप उघडून महाराष्ट्राची पूर्व बाजू बघतो आणि तिथे चंद्रपूर दिसतं, म्हणजे ताडोबा. वाघ बघायला आयुष्यभर पैसे साठवलेला माणूस तिथेच थांबतो आणि म्हणतो आपण राजस्थानात रणथंबोरला जाऊ. ताडोबाच्या मोहर्ली गेटवरच्या जिप्सीवाल्याला, गाइडला, होमस्टे चालवणाऱ्या बाईला हे कधी कळतही नाही, कारण न आलेला पर्यटक काही कारण सांगून जात नाही. मला यातली सगळ्यात वाईट गोष्ट हीच वाटते. 'पूर्व भाग' या शब्दाला सीमारेषा नाही, आणि ज्याच्या पोटावर पाय येतो त्याला वाद घालायलासुद्धा कोणी समोर नाही.

भीतीपेक्षा कागद जास्त बुकिंग रद्द करतो

आपल्याला वाटतं की लोक सूचना वाचतात, घाबरतात आणि येत नाहीत. असे काही असतातच, पण मोठा फटका बसतो तो माणसाच्या मनातून नाही, ऑफिसच्या फाइलमधून.

पहिली फाइल विम्याची. ब्रिटनमध्ये परराष्ट्र खात्याने 'अत्यावश्यक असेल तरच जा' असं एकदा लिहिलं की तिथल्या बहुतेक साध्या ट्रॅव्हल पॉलिसी त्या भागासाठी चालत नाहीत. पाय मोडला तर हॉस्पिटलचं बिल खिशातून. मग टूर कंपनीलाही धोका नको असतो, ती पॅकेजच बंद करते. प्रवासी कितीही धाडसी असला तरी त्याला न्यायला विमानच राहत नाही.

ट्युनिशियाचं उदाहरण घ्या. ते गुन्ह्याचं नाही, दहशतवादाचं आहे, पण चक्र तेच फिरतं. २६ जून २०१५ ला सूस शहराजवळच्या बीचवर गोळीबार झाला, ३८ जण गेले, त्यात ३० ब्रिटिश. ९ जुलैला ब्रिटनने अत्यावश्यक नसेल तर जाऊ नका म्हटलं आणि टूर कंपन्यांनी तिथे असलेल्या लोकांना परत आणलं. ती सूचना जुलै २०१७ मध्ये सैल झाली आणि थॉमस कुक या ब्रिटिश टूर कंपनीची पॅकेज परत सुरू झाली फेब्रुवारी २०१८ मध्ये. म्हणजे सूचना उठल्यावरही सहा-सात महिने गेले, कारण हॉटेलचे करार, विमानं, कॅटलॉग हे सगळं एका सीझन आधी ठरतं.

केनियाची गोष्ट तर अजून बोलकी. मे २०१४ मध्ये ब्रिटनने मोम्बासा आणि आजूबाजूच्या किनाऱ्याबद्दल सूचना काढली आणि त्यात स्पष्ट लिहिलं होतं की डियानी बीच आणि मोम्बासाचा विमानतळ यात येत नाही. म्हणजे बोरिवलीत ऊन आहे हे अलर्टमध्येच लिहिलेलं होतं! तरी एका मोठ्या ब्रिटिश टूर कंपनीने आपल्या सगळ्या लोकांना घरी आणलं आणि मोम्बासाची विमानं ऑक्टोबरअखेरपर्यंत रद्द केली. डियानीच्या वेटरला त्या ओळीचा काय उपयोग झाला?

दुसरी फाइल कंपन्यांची आणि कॉलेजांची. गिरगावात राहणारी आमच्या ओळखीची एक ताई टुरिस्ट गाइड आहे, परदेशी बायकांचे आणि विद्यार्थ्यांचे छोटे ग्रुप सीएसएमटी, क्रॉफर्ड मार्केट, मणिभवन असे फिरवते. तिला मी विचारलं की बातमी आली की लोक घाबरून कॅन्सल करतात का, तर म्हणाली, "घाबरलेली बाई फोन करते अगं, मी तिच्याशी बोलते, हॉटेलच्या लॉबीतून घेते आणि लॉबीत सोडते म्हणून सांगते, ती येते. जे कॅन्सल करतात ना त्यांच्या मेलमध्ये भीतीचा शब्दच नसतो. आमच्या युनिव्हर्सिटीच्या कमिटीने या वर्षी मंजुरी दिली नाही, एवढंच." त्या कमिटीतल्या कोणी मुंबई बघितलेली असेल-नसेल, तिच्यासमोर एक फॉर्म असतो आणि त्यात लेव्हलचा रकाना असतो. फॉर्मशी लॉबीतून बोलता येत नाही, ही ताईची खरी अडचण आहे.

पण लोक तर जातातच की!

हो, जातात, आणि हा आक्षेप अगदी बरोबर आहे. मेक्सिको बघा. तिथे खून, किडनॅपिंग, ड्रग कार्टेल, आणि अमेरिकेच्या सूचनेत कितीतरी राज्यं लेव्हल चारवर. तरी मेक्सिकोत २०१८ मध्ये सुमारे ४ कोटी १३ लाख परदेशी पर्यटक आले आणि २०२४ मध्ये साडेचार कोटी. मग सूचना फुकट गेली म्हणायची का?

तसं नाही, कारण अमेरिका मेक्सिकोची सूचना राज्यवार काढते. कॅनकून ज्या राज्यात आहे ते लेव्हल दोन. अकापुल्को ज्या गेरेरो राज्यात आहे ते लेव्हल चार, आणि तिथे अमेरिकन सरकारी कर्मचाऱ्यांना जायला बंदी. एकेकाळी हॉलिवूडचे स्टार सुट्टीला जायचे ते अकापुल्को आज मुख्यतः मेक्सिको सिटीहून गाडीने येणाऱ्या देशी पर्यटकांवर चालतं आणि अमेरिकन पोरं कॅनकूनला उतरतात. अर्थात त्याला एकटी सूचना कारण नाही, तिथली हिंसा खरी आहे आणि कॅनकूनचे रिसॉर्टही नवे, पण सूचनेने लोकांना वळायचा रस्ता दाखवला. देशाचा एकूण आकडा वाढला आणि एक शहर परदेशी पाहुण्यांना मुकलं, दोन्ही एकदमच.

आणि गरज असेल तर लोक लेव्हल तीनलाही जुमानत नाहीत. कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनाच्या सीमेला लागून लॉस अल्गोदोनेस नावाचं छोटं मेक्सिकन गाव आहे, तिथे गल्लीगल्लीत डेंटिस्ट. ते राज्य लेव्हल तीनवर, तरी अमेरिकन म्हातारे-म्हाताऱ्या अमेरिकेच्या बाजूला गाडी लावून चालत सीमा ओलांडतात, दात बसवून घेतात आणि संध्याकाळी घरी, कारण अमेरिकेत तेच काम कितीतरी महाग पडतं. जमैका कितीतरी काळ लेव्हल तीनवर होता, तरी २०२४ मध्ये चाळीस लाखांहून जास्त लोक येऊन गेले, त्यातले खूपसे विमानतळावरून थेट भिंतीआडच्या रिसॉर्टमध्ये. म्हणजे रिसॉर्टचा धंदा चालू राहिला, पण बाहेरच्या गल्लीतला जेवणवाला, टॅक्सीवाला, बाजारातली बाई यांच्यापर्यंत तो पर्यटक पोचलाच नाही. मे २०२५ मध्ये तिथले खून कमी झाल्यावर लेव्हल दोनवर आली.

थोडक्यात, जो पहिल्यांदा येतोय, पोराबाळांसकट येतोय किंवा कंपनीच्या पैशाने येतोय तो थांबतो. ज्याचं तिथे घर आहे, नातेवाईक आहेत, ज्याला जागा माहीत आहे किंवा ज्याचा दात दुखतोय, तो जातो.

मग भारताच्या आकड्यांत काही दिसतं का?

इथे जरा जपून चालावं लागतं. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर असोचेम या उद्योग संघटनेने टूर ऑपरेटरांना विचारून सांगितलं की पहिल्या तीन महिन्यांत परदेशी पर्यटक २५ टक्के आणि बायका ३५ टक्के घटल्या. पर्यटन मंत्रालयाचे आकडे मात्र वेगळेच, २०१२ मध्ये ६५.८ लाख आणि २०१३ मध्ये ६९.७ लाख, म्हणजे वाढच. खोटं कोण बोलतंय? बहुधा कोणीच नाही. आपल्याकडे येणाऱ्या परदेशी लोकांत बांगलादेश कितीतरी वर्षं पहिल्या तिघांत होता, त्यातले खूप जण उपचाराला किंवा नातेवाइकांकडे येतात, शिवाय परदेशी पासपोर्टवरची आपलीच माणसं. ते कुठलीही सूचना बघून थांबत नाहीत. एकटी फिरणारी जर्मन किंवा कॅनेडियन बाई त्या एकूण आकड्यात एवढीशी असते, ती गायब झाली तरी आकडा हलत नाही. पण ऋषिकेशच्या किंवा फोर्ट कोचीच्या गेस्ट हाउसवाल्याचा धंदा तिच्यावरच असतो.

२६/११ नंतरही तेच. २००८ मध्ये ५२.८ लाख, २००९ मध्ये ५१.७ लाख, घट दिसते पण त्याच वर्षी जगभर मंदी होती, त्यामुळे कुठला वाटा कशाचा हे वेगळं काढता येत नाही. कोणी ठामपणे 'सूचनेमुळे इतके टक्के' असं सांगितलं तर त्याला विचारा की बाकीचं काय केलंत.

कधीकधी तर सूचनेची गरजच पडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एका चिनी अभिनेत्याला कामाच्या नावाखाली थायलंडला बोलावून म्यानमारच्या स्कॅम सेंटरमध्ये, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यावर, नेलं गेलं. तो सुटला, पण ती गोष्ट चिनी सोशल मीडियावर अशी फिरली की २०२४ मध्ये थायलंडला ६७ लाख चिनी आले होते ते २०२५ मध्ये ४५ लाखांच्या आसपास उरले. इतरही कारणं होती, पण सुरुवात त्या बातमीने झाली.

हे सगळं राजकारणच ना?

काही वेळा, हो. सप्टेंबर २०२३ मध्ये भारत-कॅनडा बिनसलं तेव्हा दोन्ही सरकारांनी आपापल्या लोकांना सावध राहायला सांगितलं आणि आपण कॅनेडियन लोकांचे व्हिसाच थांबवले. २०१७ मध्ये दक्षिण कोरियाने अमेरिकन क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवली म्हणून चीनने तिकडच्या ग्रुप टूर बंद केल्या, आणि एका वर्षात चिनी पर्यटक ८० लाखांवरून ४२ लाखांच्या खाली आले. तिथे गुन्ह्याचा काही संबंध नव्हता.

पण सरसकट सगळंच राजकारण म्हणून उडवून लावू नका. ऑस्ट्रेलिया, कॅनडा हे अमेरिकेचे जिवलग मित्र, तरी त्यांच्या सूचनांमध्ये अमेरिकेतल्या बंदुकीच्या गुन्ह्यांबद्दल लिहिलेलं असतं. फ्रान्सला लेव्हल दोन देताना कोणी फ्रान्सशी भांडत नसतं. ओळखायची एक सोपी खूण आहे, सूचनेत जागा आणि गुन्ह्याचा प्रकार नेमका लिहिलाय का ते बघा. 'अमुक भागात रात्री टॅक्सीत लुटालूट' असं असेल तर ते कोणाच्या तरी तक्रारीवरून आलंय. नुसतंच 'वातावरण प्रतिकूल आहे' असं असेल तर त्या आठवड्याच्या राजकीय बातम्या बघा.

आपण चिडायचं की मान्य करायचं?

मला विचाराल तर चिडून एकही पर्यटक परत आलेला नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये आपल्याच खारमध्ये लाइव्ह व्हिडिओ करणाऱ्या एका कोरियन मुलीला रस्त्यात पकडून त्रास दिला गेला, आणि ते जगाने बघितलं. पोलिसांनी दोघांना लगेच पकडलं हेही जगाने बघितलं, आणि त्या मुलीबरोबर जे झालं ते कुठल्याही उत्तराने धुऊन निघत नसलं तरी पुढच्या बाईला मुंबईत उतरायला धीर देणारी गोष्ट तीच आहे.

जानेवारी २०२४ मध्ये बहामासबद्दल अमेरिकन वकिलातीने लिहिलं की नासाऊ शहरात वर्षाच्या सुरुवातीपासून १८ खून झालेत. तिथल्या पंतप्रधान कार्यालयाने आरडाओरडा केला नाही, पोलीस काय करतायत ते सांगितलं आणि लेव्हल तीच आहे, बदललेली नाही हेही दाखवून दिलं. आपल्याकडे ताडोबाच्या बाबतीत असंच करता येईल. 'पूर्व महाराष्ट्र' याऐवजी नेमके कुठले तालुके, हे सांगा असा आग्रह राज्याच्या पर्यटन खात्याने मुंबईतल्या परदेशी वकिलातींकडे धरायला हवा, पोलिसांचे आकडे हातात घेऊन, आणि तो एकदा नाही तर दर वर्षी सूचना तपासायच्या आधी.

आणि आपण बाहेर जातो तेव्हा?

आपलं परराष्ट्र मंत्रालयही सूचना काढतं, फक्त लेव्हल वगैरे नसतात, साध्या प्रेस नोटसारखं असतं, त्यामुळे लक्षात येत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यांनी थायलंडमधल्या आयटी नोकऱ्यांच्या नावाखाली पोरांना म्यानमारला नेतात म्हणून सांगितलं होतं. त्यानंतरही कितीतरी जण फसले. सप्टेंबर २०२५ मध्ये इराणबद्दल सांगितलं, की नोकरीच्या किंवा तिसऱ्या देशात पाठवायच्या आमिषाने बोलावतात, किडनॅप करतात आणि घरच्यांकडे पैसे मागतात. तेव्हा पर्यटनासाठी व्हिसा लागत नव्हता, याचाच फायदा एजंट घेत होते.

तेव्हा बुकिंगच्या आधी आपल्या मंत्रालयाची साइट आणि त्या देशातल्या भारतीय वकिलातीचं पेज बघा. वकिलातीचा इमर्जन्सी नंबर फोनमध्ये टाका आणि घरीही देऊन ठेवा. इंग्रजी वाचता येत असेल तर ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाची त्या देशाबद्दलची सूचनाही बघा, त्यात कुठल्या गल्लीत पाकीटमारी होते, एटीएम कुठलं टाळायचं इतकं बारीक दिलेलं असतं आणि ते आपल्यालाही तितकंच लागू पडतं. आणि ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना 'सरकारने जाऊ नका सांगितलेल्या ठिकाणी क्लेम मिळेल का, आणि बुकिंगनंतर सूचना निघाली तर काय' हे दोन प्रश्न एजंटला तोंडी विचारू नका, कंपनीला मेल करा आणि उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका.